वाकळीच्या पोटातला घास

घरात दिसेल ती वस्तू मशीनमध्ये घालायची दीपमालाला खोड होती आणि त्या खोडीवर हरणाबाईकडं औषध नव्हतं. कपडे धुवायचं मशीन घरात येऊन दीड वर्ष झालं. तेवढ्या काळात तिच्या नवऱ्याच्या, जालिंदरच्या ट्रॅक्टरची चावी दोनदा धुऊन निघाली. देव्हाऱ्यातल्या बिरोबाखालचं, भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं फडकं लग्नातल्या रुमालासारखं पांढरं झालं. हरणाबाईची पानाची चंची तर आतल्या सुपारीसकट गरगर फिरून आली, आणि वर सुपारी मऊ झाली म्हणून सुनेनं स्वतःचं कौतुक करून घेतलं.

"दुपारचं आडवं हुयाचंबी भ्या वाटतंय मला," हरणाबाई शेजारच्या मंगलला सांगायची. "डोळा लागला की ही मला उचलून त्यात टाकंल, वरनं झाकण लावंल आणि म्हनंल, आत्ती, कशा चकचकीत निघालाय."

बाकी सून वाईट नव्हती. हरणाबाईला ते ठाऊक होतं, फक्त चोवीस वर्षांत ते तोंडानं बोलायची वेळ आली नव्हती.

पण त्या बुधवारी दीपमालानं मशीनमध्ये घातली ती वाकळ. आणि साधीसुधी नव्हे. नात स्वप्नाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठ दिवसांची पोरगी आतल्या खोलीत हातपाय झाडत होती, रविवारी बारसं होतं आणि आष्ट्याहून स्वप्नालीच्या सासरची सगळी गाडी भरून येणार होती. त्या पोरीला पाळण्यात घालायला हरणाबाई तीन महिने ही वाकळ शिवत होती. घराण्यातली पहिली पणती. वाकळीच्या मधोमध नानासोचं धोतर होतं. नानासो म्हणजे हरणाबाईचा नवरा. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडला, ताकारी योजनेचं पाणी आल्यावर थोडा ऊस लावून बघितला, ऊस चरायला येत नाही म्हणून नाराज झाला आणि सहा वर्षांमागं बसल्या जागी गेला. त्याच्या मागं राहिलेलं एकच धड धोतर हरणाबाईनं ट्रंकेत जपलं होतं. पणतीनं पणजाच्या धोतरावर झोपावं, एवढीच तिची हौस.

वाकळ शिवण्यात कडेगावापासून पार आटपाडीपर्यंत हरणाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं, निदान ती तसं सांगायची. तिचे नियम कडक. पहिला नियम, वाकळीत नवं कापड घालायचं नाही. कापड आधी माणसाच्या अंगावर चार-पाच वर्षं झिजलं पाहिजे, त्यातला रंग आणि रग दोन्ही उतरली पाहिजे. दुसरा नियम घासाचा. वाकळ शिवून होत आली की मधल्या शेवटच्या ठिगळाखाली भाकरीचा एक घास ठेवायचा, हळदीकुंकवाची चिमूट टाकायची आणि वरून शिवून टाकायचं. वाकळीचं पोट उपाशी राहिलं तर ती पांघरणाऱ्याची झोप खाते. हा घास घरातल्या थोरल्या बाईनं दार लावून घालायचा आणि आत काय गेलं ते कुणी विचारायचं नाही. साठ वर्षांत हरणाबाईच्या एकाही वाकळीचा रंग उतरला नव्हता, आणि हे ती ओळख नसलेल्या माणसालाही एसटीत सांगायची.

ह्या वेळी पहिला नियम मोडला. मोडला दीपमालानं. तिचं माहेर औंधचं. तिथं यमाईच्या देवळातून तिच्या आईला प्रसादाचं एक लालभडक लुगडं मिळालेलं, त्याचा काठ वाकळीला लावायचाच म्हणून ती हटून बसली.

"नवं हाय ते," हरणाबाई म्हणाली. "रंग सोडंल."

"देवीच्या अंगावरचं हाय, आत्ती."

"मग? देवीनं कवा धुणं धुतलंय? अंगावर घेतलं एक दिस आणि दिलं काढून. तिला काय ठावं रंग पक्का का कच्चा."

दीपमालानं वाद घातला नाही. तिनं लुगडं दोन दिवस मिठाच्या पाण्यात भिजवलं, तीन पाण्यांतून काढलं, मग ओलं असतानाच पांढऱ्या रुमालानं खसाखसा पुसलं आणि रुमाल सासूपुढं धरला. रुमाल पांढरा. हरणाबाई म्हणाली, माझ्या डोळ्याला चष्मा न्हाई, आणि तोंड फिरवलं. चष्मा डोक्यावर होता. शेवटी स्वप्नालीनं आतून आवाज दिला की आज्जी, लाल काठ छान दिसतोय, आणि पणतीच्या आईपुढं हरणाबाईचं काही चाललं नाही. काठ लागला.

आणि बुधवारी हे झालं. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की बाळाच्या अंगाला लागेल ते कापड आधी धुऊन घ्या. दीपमालानं ते ऐकलं आणि सासू कोपऱ्यावरच्या दुकानात तंबाखू आणायला गेलेली बघून वाकळ मशीनमध्ये कोंबली. गरम पाण्याचं बटण दाबलं. हरणाबाई परत आली तेव्हा अंगणात दोरीवर वाकळ लोंबत होती आणि नानासोच्या पांढऱ्या धोतरावर, बरोबर मध्यभागी, ताटलीएवढा लाल डाग पसरला होता.

हरणाबाईनं पिशवी खाली ठेवली. डागाकडं बघितलं, काठाकडं बघितलं, मग सुनेकडं.

"रंगवलास माझा म्हातारा," ती म्हणाली. "जित्यापणी कधी रंगपंचमी खेळला न्हाई तो. तुझ्या यमाईनं मेल्यावर खेळीवली."

मंगलला हाक मारावी लागत नाही. ती कुंपणावरूनच ऐकत होती, ती फाटकातून आली. तिनं डाग बघितला, च्च च्च केलं, आणि अंधार पडायच्या आत तो डाग गावातल्या निम्म्या घरांत तोंडी पोचवला. दीपमालाचं तोंड एवढंसं झालं. डाग निघाला नाही तर रविवारी आष्ट्याच्या माणसांना दिसणार. आष्ट्याची विहीण चंद्राबाई एकदा ऐकलेली गोष्ट विसरत नाही. पोरीच्या सासरी आईचं नाव डागासकट जाणार आणि दर सणाला नव्यानं निघणार, हे तिला दिसत होतं.

तिनं पुन्हा पांढरा रुमाल आणला, ओल्या काठावर घासला. रुमाल पांढराच.

"आत्ती, बघा. काठाचा रंग न्हाई हा. आणि काठाचा असता तर कडंला लागला असता. ह्यो मधीच कसा?"

"सगळा रंग धोतरात गेल्यावर काठात काय ऱ्हाणार?" हरणाबाई म्हणाली. "आणि मधी का लागला ते मशीनला इचार. ती फिरवती, मी न्हाई."

जालिंदर ट्रॅक्टर लावून अंगणात आला, दोघींच्या तोंडांकडं बघितलं आणि पुन्हा ट्रॅक्टरकडं गेला. तेवढ्यात आतून स्वप्नाली मोबाईलवर वाचून ओरडली, "मम्मी, लिंबू पिळायला सांगितलंय डागावर. नायतर व्हिनेगर." व्हिनेगर घरात कुणाला माहीत नव्हतं. लिंबू होतं. दीपमालानं अर्धं लिंबू डागावर पिळलं आणि अंगठ्यानं चोळलं.

लाल डाग पिवळा झाला.

गावात फिरून परत आलेली मंगल धरून तिघी वाकून बघत राहिल्या. दीपमालानं घाबरून त्यावर साबण लावला. पिवळा झालेला डाग पुन्हा लाल झाला. परत लिंबू. परत पिवळा.

"डाग हाय का सरडा," मंगल म्हणाली. मग तिचं तिलाच सुचलं. "पर लाल लुगड्याचा रंग पिवळा कसा हुईल गं? ही तर हळद वागती असं. नवरीच्या हळदीचं लुगडं धुतलं की न्हाई का, साबण लागला की लाल हुतंय."

ह्या घरात त्या वाकळीत हळद घालणारी बाई एकच होती.

दीपमालानं मान वर केली आणि सासूकडं बघितलं. फार नाही, पापणी लवायला लागते तेवढंच. मग ती मंगलला म्हणाली, "माझाच हात असंल. सकाळी स्वप्नालीला हळदीचं दूध केलं व्हतं. तसल्याच हातानं वाकळ उचलली."

"म्हंजी मशीनबी तुझी आणि हळदबी तुझीच," मंगल समाधानानं म्हणाली आणि ही नवी बातमी घेऊन गेली.

हरणाबाईनं पिशवीतली तंबाखू काढून मळायला घेतली. मंगल फाटकाबाहेर पडेपर्यंत तिनं मान वर केली नाही, हे मंगलच्या ध्यानात आलं नाही म्हणून बरं.

त्याचं असं होतं. घासात चिमूटभर हळदकुंकू टाकायचं, ह्या वेळी हरणाबाईनं करंडा रिकामा केला होता. सहा वर्षांमागं तिनं घरी कुंकू केलं होतं. बाजारचं कुंकू तिला चालत नसे, त्यानं कपाळ खाजतं आणि बाई खोटी दिसते असं तिचं मत. जालिंदरनं सांगलीहून हळद आणली, तिनं ती वस्त्रगाळ केली, स्वतःच्या चंचीतला चुना कालवला, लाल झाल्यावर वाळवून पितळी करंडा गळ्यापर्यंत भरला. तो दिवस बुधवार. शनिवारी नानासो दूध पिता पिता गेला. कपाळ पुसलं गेलं आणि करंडा तसाच भरलेला राहिला. लावायची सोय नाही, टाकायला हात होत नाही, द्यावा म्हटलं तर घेणार कोण. सहा वर्षं तो ट्रंकेत त्या धोतराशेजारी बसून होता. वाकळ शिवताना धोतर बाहेर काढलं तेव्हा करंडाही हाताला लागला. हरणाबाईनं दार लावलं होतंच. तिनं भाकरीच्या घासाबरोबर सगळं कुंकू फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्याच्याच धोतराखाली शिवून टाकलं. त्याच्या नावाचं होतं, त्याच्यापाशी गेलं. तिला वाटलं, विषय संपला.

आता विषय दोरीवर लोंबत होता.

जेवण होईपर्यंत हरणाबाईनं मनात खटला चालवला आणि तो दोनदा जिंकला. कुंकवाला पाय नसतात. ते आपल्या पुरचुंडीत गप पडून होतं. पाणी कुणी घातलं? दीपमालानं. गरम कुणी घातलं? दीपमालानं. नव्या वाकळीला वर्षभर पाणी दाखवायचं नसतं, हे विचारलं का? नाही. सगळं चोख बसत होतं. फक्त एका जागी खटला अडत होता. सुनेनं ओळखलं होतं, आणि ओळखून आपल्या अंगावर घेतलं होतं. हरणाबाईनं आयुष्यात कुणाचं फुकटचं घेतलं नव्हतं. शेजारणीकडून विरजण आणलं तरी दुसऱ्या दिवशी वाटीत काहीतरी घालून परत जायचं. आणि सुनेचे हे असले उपकार ती कसल्या वाटीतून परत करणार होती?

गुरुवारी सूर्य डोक्यावर आला तशी ती वाकळ काखेत मारून स्लॅबवर चढली. गुडघे कुरकुरत होते, त्यांना तिनं दोन शिव्या दिल्या. वाकळ अंथरली, डागावर लिंबू पिळलं आणि सुईच्या टोकानं मधलं ठिगळ उसवायला बसली. हळदीला ऊन सोसत नाही, हे तिला मोबाईल नसताना माहीत होतं. नवरीचं हळदीचं पातळ चार दिवस उन्हात टाका, पिवळं कुठं गेलं ते सांगता येत नाही. पण आतली पुरचुंडी काढल्याशिवाय ऊन तरी काय करणार.

दीपमाला लिंबांची वाटी घेऊन वर आली तेव्हा ठिगळ उसवलेलं होतं आणि सासूच्या तळहातावर ओला लाल गोळा होता.

"कुंकू?" दीपमालानं विचारलं.

"मग काय गुलाल?"

"एवढं?"

"करंडा भरून हाय."

दीपमाला शेजारी टेकली. "मामांच्या टायमाचं?"

"बुधवारी भरला करंडा. शनवारी त्येंनी आटोपलं. चार म्हैनं थांबलं असतं तर निदान करंड्याचा गळा तरी उघडा पडला असता. पर न्हाई. सगळ्यातच घाई त्येंची. मेंढरं घेऊन निघायचं तवाबी माझ्या चहाला उकळी फुटायच्या आधी वाटंला लागायचं."

दीपमाला हसली आणि मग पदरानं डोळे पुसायला लागली. "लिंबू उडालं डोळ्यात," ती म्हणाली.

"लिंबं वाटीत हायत. अजून चिरलीबी न्हाईत तू."

खाली पोरगी रडली, स्वप्नालीनं तिला घेतलं, रडणं थांबलं. हरणाबाईनं गोळ्यातून भाकरीचा भिजलेला तुकडा वेगळा केला आणि गोळा कठड्यावरच्या कढीपत्त्याच्या डब्यात टाकला. दीपमालानं आ वासला.

"काय बघतीस. तुळस गावली न्हाई, कढीपत्ता गावला. आमटीत उतरंल."

"आत्ती, मी कुणाला सांगणार न्हाई. हळदीचा हात माझाच ऱ्हाऊ दे. माझं काय जातंय."

"तुझं काय जातंय ते मी कुठं म्हणतीया," हरणाबाई करवादली. "जा, भाकरीचा वाळका तुकडा आण. वाकळ उपाशी ठिवू नगं. आणि लिंबू घिऊन येताना चिरून आणावं, एवढी अक्कल औंधात देत न्हाईत काय."

तीन दिवस वाकळ स्लॅबवर होती. सकाळी लिंबाचं पाणी, दिवसभर ऊन, दुपारी बाजू बदल. मंगल कुंपणावरून रोज विचारायची, निघाला का गं दीपमालाचा डाग. दीपमाला म्हणायची, निघतोय. हरणाबाई ते ऐकायची आणि तिला तंबाखू जास्त लागायची. शनिवारी संध्याकाळी डाग गेला म्हणायला हरकत नव्हती. नीट बघितलं तर धोतराच्या मध्यावर सायीसारखी पिवळट सावली तेवढी राहिली. हरणाबाईनं वाळका घास घातला आणि ठिगळ पुन्हा शिवलं. ह्या वेळी दार लावलं नाही.

रविवारी अंगण बायकांनी भरलं. आष्ट्याहून चंद्राबाई आली, हिरव्या इरकली लुगड्यात, सोबत चार जावा. पाळणा सजला, घुगऱ्यांची परात बाहेर आली, वाकळ पाळण्यात अंथरली. चंद्राबाईनं ती आधी हातानं चाचपली. टाके मोजल्यासारखे बघितले.

"हात मातूर सुरेख हाय तुमचा, आत्याबाई," ती हरणाबाईला म्हणाली. मग बोट धोतरावर थांबलं. "आणि हे पिवळं काय? जुनं व्हतं व्हय कापड?"

"न्हाई ओ," मंगल मागून म्हणाली, "धोतार पांढरंफेक व्हतं. ते दीपमालानं मशीनमधी घातलं, हळदीच्या हातानं."

"व्हय," दीपमाला पटकन म्हणाली. "माझ्याच हातनं झालं, इहीनबाई. गडबडीत."

"असू दे, असू दे," चंद्राबाई गोड हसली आणि जावांकडं बघितलं. "आता कळलं. आमच्या स्वप्नालीलाबी हात न धुता कापडं उचलायची सवं हाय. मी म्हणायची, पोरीला कुणी शिकिवलं न्हाई का काय."

जावा हसल्या. स्वप्नाली पोरीला घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली. दीपमालाही हसली, पण तिचं हसू ओठांपाशीच थांबलं.

हरणाबाईनं घुगऱ्यांची परात मंगलच्या हातात दिली, धर म्हणाली, आणि पदर खोचून पाळण्यापाशी आली. म्हातारीला काय म्हणायचं असेल ते ती नावाच्या आधी म्हणून घेणार, एवढं सगळ्यांना कळलं.

"दीपमाला, हिकडं ये. म्होरं ये, लाजू नगं, चोरी काय तू केली न्हाईस. आता सगळ्यांच्या म्होरं ऐक. यमाईच्या लुगड्याचा रंग पक्का हाय, मी चुकीचं बोलली. तुझ्या हाताला हळद नव्हती. ते कुंकू व्हतं, माझं, ह्यांच्या नावाचं, करंडा भरून मी ह्या हातानं वाकळीत शिवलं आणि डाग पडल्यावर चार दिस तोंड मिटून बसली. इहीनबाई, तुमच्या सुनंला शिकिवणारी ही बाई हाय, आणि तिला शिकिवणारी मी, तवा काय ऱ्हायलं असंल ते माझ्याकडं मागा. आता तुझं, दीपमाला. मला न इचारता वाकळ धुतलीस ही तुझी चूक, ती मी मरंपतुर काढणार, त्यात सूट न्हाई. पर माझं पाप तू तुझ्या डोक्यावर घिऊन चार बायकांत हसत उभी ऱ्हायलीस, ही त्याच्याहून मोठी चूक, आणि तिला शिक्षा हाय. ह्या घरातल्या म्होरच्या वाकळीला घास तू घालायचास. दार लावून. आत काय घातलंस ते मला सांगायचं न्हाई, आणि मीबी इचारणार न्हाई. आता पोरीला पाळण्यात घाल, लय येळ उभी हाय तिची आई."